बोलून गेला, बोलून बसला, बोलून टाकले

विचार पुरता बांधला जाण्यापूर्वीच तोंडावाटे शब्द बाहेर पडावा, हा अनुभव कोणत्याही भाषेच्या माणसाला नवा नाही. परंतु या एकाच घटनेचे किती प्रकार एखादी भाषा ओळखते, यावरून ती बोलणाऱ्यांची न्यायबुद्धी कळते, असे आम्हांस वाटते. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. मात्र आजच्या पुष्कळशा कथा-कादंबऱ्यांत, आणि त्याहून अधिक अनुवादांत, 'पटकन म्हणाला' किंवा 'बोलून टाकले' एवढ्यावरच काम भागवले जाते. याला केवळ शब्दांचे दारिद्र्य म्हणून सोडून देता येत नाही. पात्राच्या माथी दोष किती लावावयाचा, हेच त्यामुळे वाचकास कळेनासे होते.

प्रथम क्रियापदांकडे पाहू. 'तो बोलून गेला' यात हेतू नाही. बोलण्याच्या ओघात शब्द निघाला, इतकेच. 'तो बोलून बसला' यातही हेतू नाही, पण परिणाम आहे. शब्द आता परत घेता येत नाही, आणि बोलणारा त्याखाली अडकून पडला आहे. 'त्याने बोलून टाकले' यात मात्र निश्चय आहे. मनावरचे ओझे त्याने आपण होऊन उतरवले. म्हणूनच 'मुद्दाम बोलून टाकले' हे सहज खपते, आणि 'मुद्दाम बोलून गेला' हे कानास खटकते. व्याकरणही येथे साक्ष देते. पहिल्या दोन प्रयोगांत कर्ता 'तो' आहे, तिसऱ्यात 'त्याने' आहे. जबाबदारी आली की प्रत्यय आला! याच्या उलट टोकाला 'त्याच्या तोंडून निघून गेले' हा प्रयोग आहे. तेथे माणूस कर्ताही उरत नाही. तो केवळ तोंडाचा मालक असतो, आणि कर्तृत्व शब्दाकडे जाते.

हा भेद किती उपयोगाचा आहे, हे आपल्या आर्ष महाकाव्यांवरून पाहावे. कुंभाराच्या घरी आतल्या बाजूस असलेली कुंती, भिक्षा आणली आहे हे ऐकून, न पाहताच सर्वांनी मिळून तिचा उपभोग घ्या असे सांगते. त्या क्षणी ती 'बोलून गेली'. बाहेर येऊन द्रौपदीस पाहिल्यावर तेच बोलणे 'बोलून बसली' असे होते. शब्द तोच, बोलणारी तीच. दोन क्रियापदांच्या मधल्या अंतरात महाभारताचा एक मोठा पेच उभा राहतो. दशरथाची गोष्ट वेगळी. कैकेयी काय मागणार हे कळण्यापूर्वीच तो रामाची शपथ घेऊन वचन देतो. त्याच्याविषयी 'बोलून गेला' म्हणणे हा अन्याय्य मवाळपणा होईल. तो 'शब्द देऊन बसला'. आणि वाल्मीकीच्या मुखातून क्रौंचवधाच्या वेळी जे निघाले त्याला यांपैकी काहीच लागू पडत नाही. आपण हे काय बोललो, असा विस्मय त्या ऋषीस स्वतःसच पडला. तेथे 'उद्गार' हाच शब्द हवा.

'उद्गार' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मात्र फारसा सोवळा नाही. ढेकर, वांती, आतून उसळून बाहेर पडणारे काहीही, असा तो आहे. मराठीने हा शब्द उंचावर नेऊन ठेवला आणि खालची जागा 'पचकणे' या शब्दास दिली. पचकन थुंकावे तसे पचकन बोलावे! नको त्या वेळी, नको त्यांच्यासमोर, नको ते. एकाच शारीरिक प्रतिमेची ही दोन टोके आहेत: एकावर आदिकवी, दुसऱ्यावर पंगतीत यजमानाचे कर्ज काढणारा पाहुणा.

या दोहोंच्या मध्ये आणखी कितीतरी माणसे वावरतात. फटकळ मनुष्य बहुधा खरे बोलतो, पण त्याचे खरे लागते. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही तो दुष्ट नसतो. गुपित त्याच्या पोटात ठरत नाही, एवढेच. उचलली जीभ लावली टाळ्याला असे ज्याच्याविषयी म्हणतात, त्याला मात्र सत्याचीही पर्वा नसते. तापात बरळणारा आणि झोपेत चावळणारा यांना तर भाषेने दोषमुक्तच केले आहे. नाटकात हे भेद नटाचा आवाज सांभाळतो. देवलांच्या 'संशयकल्लोळा'तील फाल्गुनराव कोठे बोलून जातो आणि कोठे बोलून बसतो, हे १९१६ पासून प्रेक्षकांस कोणी समजावून द्यावे लागलेले नाही. कादंबरीला तो आवाज नाही. तिला क्रियापदावरच विसंबावे लागते.

परप्रांतांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या वाचकांस शेजारच्या भाषांतील प्रयोग रोजच ऐकू येतात. हिंदीतील 'कह बैठना' आपल्या 'बोलून बसणे' याचा सख्खा भाऊ आहे. पण 'बोल उठना' याला मराठीत तसा जोड नाही. तेथे आपण 'उसळून म्हणाला' असे काही योजतो. खरी फसगत बंगालीत होते. तेथील 'बोले फेला' याची घडण हुबेहूब 'बोलून टाकणे' अशी. पण बंगाली माणूस ते अनवधानाने निघालेल्या शब्दासाठीही वापरतो. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठी घरांत आणले तेव्हापासून बंगाली कादंबरी आपणांस परकी राहिलेली नाही. म्हणून अनुवादकाने प्रत्येक ठिकाणी थांबून विचारले पाहिजे: ही नायिका बोलून गेली, की तिने बोलून टाकले? पहिल्यात ती भोळी ठरते, दुसऱ्यात धीट. केवळ घडण पाहून शब्द उचलला तर मूळ लेखकाने निर्दोष ठेवलेली स्त्री मराठीत आरोपी होऊन येते.

शासकीय वाचकांस येथे एक मौजेचा विरोध दिसेल. १८७२ च्या पुरावा कायद्याचे सहावे कलम, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे चौथे कलम, घटनेच्या ओघातच निघालेल्या शब्दांस पुराव्यात स्थान देते. कारण रचून बोलण्यास तेव्हा अवसर नसतो. म्हणजे 'सहज बोलून गेलो' म्हणून व्यवहार ज्यास क्षमा करतो, त्याच शब्दावर न्यायालय अधिक विश्वास ठेवते. आमच्या मते लेखकाने दोन्ही दृष्टी राखाव्यात: माणसाला क्षमा करावी आणि शब्द मात्र नीट टिपून ठेवावा.

दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशात शब्द सुरक्षित आहेत, परंतु त्यांच्या छटा कोशातून शिकता येत नाहीत. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रागावण्यातून, 'पचकलास ना!' अशा एका वाक्यातून अंगी मुरतात. दूर प्रांती वाढणाऱ्या मुलांच्या कानी असे रागावणेही कमीच पडते. त्यांच्यापुरते ते काम आता पुस्तकांनाच करावयाचे आहे. आणि पुस्तकांनी तरी 'पटकन म्हणाला' यावर समाधान मानू नये.