नियोजित समाप्ती आणि प्रवाद : एलईपीच्या अखेरच्या पर्वाची समीक्षा

प्रयोगनिष्ठ शास्त्रात प्रवादाला स्थान नाही, असे तत्त्वतः मानले जाते. शास्त्राचा इतिहास मात्र या समजुतीला सर्वस्वी पुष्टी देत नाही. ज्या प्रयोगशाळांत एकेका यंत्राच्या उभारणीस वर्षानुवर्षे लागतात आणि ज्यांचे चालणे व थांबणे आगाऊ ठरविलेल्या वेळापत्रकाने बांधलेले असते, तेथे समाप्तीचा दिवस जवळ येऊ लागला की अपुऱ्या पुराव्याभोवती वार्ता जमू लागतात. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेतील एलईपी या यंत्राची २००० मधील अखेर हे याचे बोधप्रद उदाहरण होय. या प्रसंगाविषयी दोन मते आढळतात. यंत्र घाईने बंद करून हाताशी आलेला शोध दवडला गेला, हे एक. पुढे २०१२ साली हिग्ज बोसॉन वेगळ्याच वस्तुमानाशी सापडला, म्हणून तो निर्णय योग्य ठरला, हे दुसरे. ही मते परस्परविरोधी असली तरी त्यांचा दोष एकच आहे. पहिले मत इच्छित फलावरून निर्णयाची पारख करते, दुसरे प्राप्त फलावरून. निर्णयाच्या दिवशी हाती असलेला पुरावा दोघांनाही गौण वाटतो.

इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडविणारे एलईपी सुमारे २७ किलोमीटर परिघाच्या भुयारात १९८९ साली सुरू झाले. त्याच भुयारात पुढे एलएचसी हे प्रोटॉनांचे यंत्र बसवावयाचे होते. जुने काढल्याविना नव्याची उभारणी पुढे सरकणार नव्हती. सप्टेंबर २००० च्या अखेरीस एलईपी थांबवावे, असे ठरले होते. अखेरच्या वर्षी टकरींची एकूण ऊर्जा सुमारे २०९ गिगॅ-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ताणण्यात आली (पुढील आकडे याच एककात आहेत). त्याच सुमारास अॅलेफ या प्रयोगाच्या नोंदींत अपेक्षेहून अधिक अशा मोजक्या घटना आढळल्या. त्या हिग्ज बोसॉनामुळे घडल्या असे मानल्यास त्याचे वस्तुमान सुमारे ११५ येत होते. या यंत्रात हिग्ज मुख्यतः झेड बोसॉनाच्या जोडीने निर्माण होणे अपेक्षित होते आणि झेडचे वस्तुमान सुमारे ९१ आहे. दोहोंची बेरीज २०६ होते. याचा अर्थ असा की, संकेत यंत्राच्या सामर्थ्याच्या अगदी काठावर मिळत होता. काठावरचा संकेत आणि जवळ आलेला अखेरचा दिवस, या दोन गोष्टी एकत्र येताच ‘हिग्ज दिसला, पण यंत्र बंद होत आहे’ या प्रवादास पोषक भूमी तयार झाली.

यंत्रास २ नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढ मिळाली. सप्टेंबरच्या आरंभी चारही प्रयोगांचा एकत्रित कल अपेक्षेपासून २.२ प्रमाण विचलनांइतका दूर होता. नोव्हेंबरच्या आरंभी तो २.९ झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या एल-३ प्रयोगातही ऑक्टोबरमध्ये एक अनुकूल घटना नोंदली गेली. डेल्फी व ओपल यांच्या नोंदींत मात्र तितका आधार नव्हता. २००१ मध्येही यंत्र चालवावे, अशी मागणी पुढे आली. तज्ज्ञांच्या समितीत एकमत झाले नाही. अखेर महासंचालक लुचानो मायानी यांनी यंत्र बंद करण्याचा निर्णय घेतला.

मुदतवाढीच्या बाजूचा युक्तिवाद हलका लेखण्याजोगा नव्हता. घोषणा करू द्या, अशी ती मागणी नव्हती. पडताळा घेऊ द्या, अशी होती आणि पडताळा हा तर शास्त्राचा धर्मच आहे. अमेरिकेतील फर्मिलॅबचे टेव्हाट्रॉन हे यंत्र दरम्यान आघाडी घेईल, ही भीतीही निराधार नव्हती. तथापि २.९ विचलनांचा अर्थ इतकाच की, हिग्ज नसतानाही असा योग हजारात सुमारे चार वेळा जुळून येईल. शोधाच्या घोषणेसाठी या शास्त्रात पाच विचलनांचा दंडक आहे. शिवाय अनुकूल चढउतार दिसला की मोजणी वाढवावयाची, असा प्रघात पडल्यास कोणतेही यंत्र ठरल्या दिवशी थांबणार नाही. कारण दीर्घ शोधाच्या अखेरीस कोठे ना कोठे असा चढउतार सापडतोच. सर्वांत निर्णायक गोष्ट अशी की, ११५ च्या आसपासचा पडताळा घेणे एलएचसीच्या आवाक्यात होते. तेव्हा प्रश्न पडताळा घ्यावा की नाही, हा नव्हता. तो कोणत्या यंत्राने व केव्हा घ्यावा, एवढाच होता. या कसोटीवर मायानींचा निर्णय समर्थनीय ठरतो आणि २०१२ मध्ये काहीही घडले असते तरी तो समर्थनीयच राहिला असता.

प्रवाद मात्र यंत्राबरोबर संपला नाही. अंतिम विश्लेषण २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात तोच कल १.७ विचलनांवर उतरला आणि हिग्जचे वस्तुमान ११४.४ हून अधिक असावे, एवढीच मर्यादा ९५ टक्के विश्वासपातळीवर सांगता आली. तरीही एप्रिल २०११ मध्ये एलएचसीवरील अॅटलास प्रयोगातील एक अंतर्गत टिपण बाहेर फुटले, तेव्हा त्यात पुन्हा ११५ हाच आकडा होता. पुढच्याच महिन्यात अधिक नोंदी तपासल्यावर तो संकेत टिकला नाही. ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेल्या कणाचे वस्तुमान सुमारे १२५ आहे. त्यात ९१ मिळविल्यास २१६ होतात, म्हणजे एलईपीच्या कमाल ऊर्जेहून अधिक.

टेव्हाट्रॉनची अखेर याच्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. ते यंत्र ३० सप्टेंबर २०११ रोजी थांबले. तत्पूर्वी एप्रिलमध्ये तेथील सीडीएफ प्रयोगाने १४५ च्या आसपास एक अनपेक्षित उंचवटा जाहीर केला होता. जूनमध्ये त्याच यंत्रावरील डीझिरो प्रयोगाने स्वतंत्र तपासणी केली आणि तो तेथे आढळला नाही. समाप्तीचा दिवस येथेही जवळ होता. पण जाहीर दावा आणि स्वतंत्र पडताळा यांमध्ये अंतर अल्प राहिल्यामुळे वार्तेला मूळ धरण्यास अवसर मिळाला नाही.

वेळापत्रक अपरिवर्तनीय असावे, असा याचा अर्थ नव्हे. एलएचसी २०१२ मध्ये दीर्घकाळ बंद ठेवण्याची मूळ योजना होती. जानेवारी २०११ मध्ये ती पुढे ढकलण्यात आली आणि त्या वाढीव काळातील नोंदींचा २०१२ च्या शोधात मोठा वाटा आहे. परंतु हा बदल एखाद्या दिसलेल्या संकेतासाठी झालेला नव्हता. आणखी किती नोंदी मिळाल्यास हिग्ज आहे की नाही हे सांगता येईल, याचा आगाऊ हिशेब त्यामागे होता. दोन्ही प्रसंगांतील भेद येथेच आहे. मुदतवाढीची कसोटी संकेत दिसण्यापूर्वी ठरलेली असेल तर तिला नियोजन म्हणावे. संकेत दिसल्यावर ती शोधावी लागली, तर निर्णय कितीही योग्य असो, हुकलेल्या शोधाची वार्ता त्याच्या मागे राहतेच. एलईपीच्या वाट्याला हेच आले.