अवसेच्या रात्री घराबाहेर

पोळा चार दिवसांवर आला आहे, त्यामुळे आज अमावास्येवर बोलावं, असं ठरलं. विषय ऐकून एक गृहस्थ मघाशी दारातच म्हणाले, "अमावास्येला अशुभ का मानतात, ते एकदा सांगून टाका." मी त्यांना म्हटलं, मी खगोल सांगायला आलेलो नाही, कहाण्या वाचायला आलो आहे. तरी खगोलाचं दोन वाक्यांत उरकतो. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी होते. अशा तीस तिथींचा महिना, आणि तिसावी तिथी ती अमावास्या. म्हणून पंचांगात तिच्यासमोर ३० हा आकडा असतो. आपल्याकडे तिथे महिना संपतो. नागपुरातल्या आपल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून पोळ्याची अमावास्या आपल्याला श्रावणातली आणि त्यांना भाद्रपदातली. रात्र एकच, नाव वेगळं. मग त्या रात्रीचं शुभाशुभ आकाशात लिहिलेलं असेल का, हे तुम्हीच ठरवा.

आता कहाण्यांकडे येऊ. श्रावणातल्या कहाण्यांची छोटी पुस्तकं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. बहुतेकांनी ती आजीच्या तोंडून ऐकली. परीक्षणासाठी वाचली असतील अशी माणसं थोडी. माझं म्हणणं असं, की ह्या कहाण्या साहित्य म्हणून वाचायला हव्यात. कथेत कोण बोलतं, कोण गप्प राहतं, कोणाचं दुःख मोजलं जातं, हे बघायला हवं. गावोगाव पाठभेद आहेत. मी छापील पुस्तकांत सहसा मिळणारं रूप धरतो आहे.

श्रावणाच्या दोन टोकांना दोन अवसा आहेत. आषाढ संपतो ती दिव्यांची अवस. आता तिला लोक गटारी म्हणतात, ते सोडा. श्रावण संपतो ती पिठोरी. दोन्हींच्या कहाण्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. दोन्हींत घरातल्या सुनेला घराबाहेर काढलेलं आहे.

दिव्यांच्या अवसेची कहाणी आठवा. राजाच्या सुनेनं घरातला खाऊ स्वतः खाल्ला आणि आळ उंदरांवर घातला. उंदीर चिडले. त्यांनी तिची चोळी नेऊन पाहुण्याच्या अंथरुणात टाकली. सकाळी चोळी सापडली, निकाल लागला, सून घराबाहेर. कोणी तिला विचारलं नाही. पुढे अवसेच्या रात्री राजा शिकारीहून परतताना झाडाखाली थांबतो, तर गावातले दिवे झाडावर जमून गप्पा मारताहेत. राजाच्या घरचा दिवा उदास आहे. तो सांगतो, मला घासूनपुसून उजळणारी, नैवेद्य दाखवणारी बाई ह्यांनी हाकलली, आणि तिचा दोष नव्हता. राजा ऐकतो, चौकशी करतो, सुनेला परत आणतो.

ह्या कहाणीचा प्रामाणिकपणा मला आवडतो. सून निर्दोष नाही. तिनं खोटा आळ घातला होता. पण तिच्या लहान खोटेपणाला मिळालेली शिक्षा केवढी, हे कहाणी समोर मांडते. आणि साक्ष कोणाची? माणसं सगळी गप्प होती. स्वयंपाकघरातला दिवा बोलला, कारण बाईचा दिवस कसा जातो हे पाहणारा तोच होता.

आता पिठोरी. एका ब्राह्मणाकडे श्रावणी अवसेला त्याच्या बापाचं श्राद्ध असतं. दर वर्षी त्याच दिवशी सुनेचं पोट दुखतं, पानं वाढण्याच्या वेळेला ती बाळंत होते आणि मूल मरतं. ब्राह्मण उपाशी उठतात. सहा वर्षं हे होतं. सातव्या वर्षी सासरा चिडतो, मेलेलं पोर तिच्या ओटीत घालतो आणि तिला रानात हाकलतो.

इथे थांबा. ह्या घरात सहा वर्षांत सहा मुलं गेली. घराची तक्रार काय आहे? पाहुणे उपाशी गेले. बाईचं काय झालं ह्याबद्दल घरात एक अक्षर नाही. नवरा तर कथेत बोलतच नाही. म्हणून काही वाचक म्हणतात, ही कहाणी क्रूर आहे, पोरींना ऐकवू नये. मला वाटतं, त्यांनी अर्धीच ऐकली. घर क्रूर आहे हे खरं, पण कहाणी घराच्या बाजूनं बोलत नाही. पुढे बघा.

रानात बाईला पहिली कोण भेटते? झोटिंगाची बायको. जिला गाव भुताची बायको म्हणून घाबरतं, ती हिला पहिल्यांदा विचारते की बाई, तू कोण, का रडतेस? ती तिला बेलाच्या झाडाचा, शिवलिंगाचा पत्ता सांगते. रात्री देवकन्या, नागकन्या येतात, चौसष्ट योगिनींची पूजा होते. नैवेद्य हातात घेऊन विचारणा होते, इथे अतिथी कोण आहे? आणि झाडावरची बाई म्हणते, मी आहे.

माझ्या मते अख्ख्या कहाणीचा जीव ह्या एका उत्तरात आहे. घराची तक्रार होती की अतिथी उपाशी राहिले. कहाणी घराला सांगते, तुमच्याकडे खरा उपाशी अतिथी कोण होता ते तुम्हाला दिसलंच नाही. तो ओटीत पोर घेऊन दाराबाहेर गेला. श्राद्धाच्या पंगतीत जिला जागा नव्हती, तिला योगिनींच्या पूजेत पहिलं पान मिळतं. मुलं जिवंत होतात, हा चमत्कार त्यानंतरचा.

आणि हे सगळं कधी होतं? अवसेच्या रात्री. हाकलणं दिवसाढवळ्या झालं, वडीलधाऱ्यांनी केलं, पुरावा दाखवून केलं. तो निकाल फिरवला तो अंधारानं. दोन्ही कहाण्यांत असंच आहे. 'अमा' ह्या शब्दाचा जुन्या संस्कृतात एक अर्थ 'घरी' आणि दुसरा 'एकत्र' असा आहे. सूर्य-चंद्र एका ठिकाणी वस्तीला येतात ती अमावास्या. कहाण्या रचणाऱ्या बायकांना हे व्याकरण ठाऊक असेल असं मी म्हणत नाही. पण बाहेर काढलेली बाई घरी येते ती ह्याच तिथीला, एवढं कथेत आहे.

आता टीका. नुसतं कौतुक करायला मी उभा नाही. पिठोरीच्या शेवटी सून परतते तेव्हा सासऱ्याला आधी विश्वास बसत नाही. मग मुलं येताना दिसतात, मागून सून दिसते, आणि मग स्वागत होतं. क्रम लक्षात घ्या. मुलं नसती आली तर? कहाणी हा प्रश्न टाळते. सासऱ्यानं माफी मागितली का? नाही. उलट व्रत कोणी करायचं? बाईनं. अन्याय घरानं केला आणि उपास तिच्या वाट्याला आला. जिचं मूल गेलं आणि परत आलं नाही, जिला मूल झालंच नाही, तिला ह्या कहाणीत जागा नाही. पिठोरीला आपण मातृदिन म्हणतो तेव्हा ह्या बायका कुठे बसतात, हे आपल्यालाच विचारायला हवं.

विधीतही एक बदल झाला आहे. आई वाण पाठीमागे धरते आणि अतिथी कोण आहे असं विचारते. मूल मागून येऊन मी म्हणतं आणि ते घेतं. गोड प्रसंग आहे, मीही लहानपणी पुरी पळवली आहे. पण कहाणीत ते उत्तर हाकललेल्या बाईचं होतं. विधीनं तिची जागा मुलाला दिली. बाई विचारणारी झाली. अतिथी म्हणून ती उरली नाही.

इथून मी आपल्या शहरात येतो, कारण पिठोरीच्या दुसऱ्या दिवशी नागपूर स्वतःची एक कहाणी रस्त्यावर सांगतं. लहान पोरांचा तान्हा पोळा, लाकडी बैल, आणि इकडे इतवारीत मारबत. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते, असं सांगतात. दोघी बायका. सगळी रोगराई, इडापिडा घेऊन जा, असं तिला विनवायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. पिवळीला लोक देवीसारखं मानतात, हेही खरं. पण काळी कोण? कोणी म्हणतं पूतना. कोणी म्हणतं बाकाबाई भोसले, इंग्रजांना मिळालेली.

बाकाबाई 1857 मध्ये इंग्रजांच्या बाजूनं राहिली, हे इतिहासात आहे. पण सीताबर्डीची लढाई 1817 ची. त्यानंतर अल्पवयीन राजाच्या काळात प्रत्यक्ष कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सच्या हाती होता. 1854 मध्ये राज्य खालसा केलं डलहौसीनं. मग दर वर्षी जाळायला एक विधवा राणीच का सापडते? आणि पूतना म्हणाल, तर भागवतातसुद्धा तिला शेवटी आईची गती मिळते. भागवत तिला परत घेतं. आपण घेत नाही.

म्हणून मला मारबत ही पिठोरीची अर्धी कहाणी वाटते. हाकलण्यापर्यंतची. दिवा बोलत नाही, झोटिंगाची बायको भेटत नाही, झाडावरून कोणी मी म्हणत नाही.

हा खेळ आहे, एवढं मनावर कशाला घ्यायचं, असं तुम्ही म्हणाल. मान्य. मिरवणुकीला मीही जातो. पण 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा काढून बघा. अमुक माणूस करणी करतो, त्याच्यामुळे रोग पसरतो, असा आरोप करून त्याचं जगणं अवघड करणं हा त्यात गुन्हा आहे. असं कलम लिहावं लागलं, कारण बाहुली सोडून खऱ्या बाईलाही लोक गावाबाहेर काढतात. रोगराई बाईसोबत निघून जाते, ही कल्पना मिरवणुकीत ऐकायला मजेची आणि वस्तीत जगायला भयंकर.

मारबत बंद करा, असं मी म्हणत नाही. त्याच मिरवणुकीत बडगे असतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, दर वर्षी नवा. बडग्यात लोक दोषाचं नाव घेतात, कोणी काय केलं ते लिहितात, हसतात आणि जाळतात. ती खरी टीका. मारबतीत दोष कोणाचा हे विचारायची सवय नाही; फक्त न्यायचं आहे. इतवारीच्या लोकांना जे बडग्यासाठी जमतं ते मारबतीसाठीही जमेल.

तोवर एवढं करा. पिठोरीला कहाणी वाचाल तेव्हा मुलं जिवंत होण्याची घाई करू नका. बाई झाडावर बसली आहे तिथे थोडं थांबा. पोरं विचारतील, तिला का हाकललं? उत्तर द्या. तिची चूक नव्हती, असं स्पष्ट सांगा. कहाणीत ते वाक्य नाही. ते आपण घालायचं आहे.

बसतो. प्रश्न असतील तर विचारा.