पुरावा, योग्यता आणि दृष्टान्त : ईश्वरविषयक वादाचे एक वाचन

ईश्वराच्या अस्तित्वाला पुरावा नाही, या विधानाभोवतीचा वाद सामान्यतः तत्त्वज्ञानाच्या कक्षेत ढकलला जातो. साहित्यसमीक्षेचा त्याच्याशी संबंध आहे, असे सहसा मानले जात नाही. परंतु या वादातील महत्त्वाच्या संहिता एकत्र ठेवून वाचल्या, तर त्यांतील युक्तिवादाचा भार वारंवार एखाद्या कथेवर पडलेला दिसतो. कथा सांगून झाली की सिद्धान्त जणू आपोआप सिद्ध होतो. अशा वेळी त्या कथेत काय गृहीत धरले आहे, तिचा आरंभ कोठे केला आहे आणि तिच्यातून काय वगळले आहे, हे तपासणे समीक्षेचेच काम ठरते.

महानुभाव परंपरेतील ‘दृष्टान्तपाठा’ची रचना या संदर्भात सूचक आहे. केसोबासांच्या या ग्रंथात सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी तीन अंगे आहेत. सूत्र सिद्धान्त सांगते, दृष्टान्त कथा सांगतो आणि दार्ष्टान्तिक त्या कथेचा सिद्धान्ताशी नेमका कोणत्या अंगाने मेळ आहे ते उलगडते. विसाव्या शतकातील ईश्वरविषयक वादात दृष्टान्त विपुल आहेत. दार्ष्टान्तिकाची जागा मात्र पुष्कळदा रिकामी राहिली आहे.

ॲन्टनी फ्लू यांनी १९५० साली मांडलेली माळ्याची कथा हे त्याचे ठळक उदाहरण होय. जॉन विझडम यांच्या १९४४ च्या निबंधातील एका कल्पनेवरून त्यांनी ती रचली. जंगलातील एका मोकळ्या जागी दोन प्रवाशांना फुले आणि तण दोन्ही दिसतात. एक म्हणतो, येथे कोणी माळी येत असला पाहिजे. दुसरा ते नाकारतो. पहारा ठेवला जातो, विजेचे कुंपण घातले जाते, कुत्री आणली जातात. माळी सापडत नाही. श्रद्धावान प्रवासी दर वेळी आपल्या विधानातून एकेक गुण काढून घेतो : माळी अदृश्य आहे, अस्पृश्य आहे, त्याला गंध नाही, आवाज नाही. अखेर संशयवादी विचारतो, असा माळी आणि माळी नसणे यांत फरक काय उरला?

कथेचे सामर्थ्य तिच्या चढत्या रचनेत आहे. प्रत्येक चाचणीबरोबर विधान थोडे झिजते आणि ही झीज वाचकाच्या डोळ्यांदेखत घडते. परंतु रचनेचा आणखी एक विशेष नजरेतून सुटतो. ही कथा जेथे सुरू होते, तेथे माळ्याशी कोणाचाही पूर्वसंबंध नाही. दोघेही प्रवासी उपरे आहेत. त्यांच्यापुढे केवळ एक दृश्य आहे आणि त्या दृश्यावरून केलेले एक अनुमान आहे. ईश्वरश्रद्धा म्हणजे जगाकडे पाहून केलेले अनुमान, हे सूत्र कथेने सिद्ध केलेले नाही, तर आरंभबिंदूच्या निवडीतूनच गृहीत धरले आहे.

याच चर्चेत बेसिल मिचेल यांनी दिलेले उत्तरही कथारूपच असावे, हे लक्षणीय आहे. परचक्राखालील देशात प्रतिकार-चळवळीतील एक कार्यकर्ता एका अनोळखी माणसाला भेटतो. ती एक रात्र त्याच्या मनावर असा ठसा उमटवते, की हा माणूस आपल्याच बाजूचा आहे याविषयी त्याची खात्री पटते. पुढे तो माणूस कधी साहाय्य करताना दिसतो, तर कधी शत्रूच्या पोलिसांच्या वेषात देशभक्तांना पकडून देताना दिसतो. कार्यकर्त्याचा विश्वास ढळत नाही; मात्र विरोधी पुरावा हा विरोधी पुरावाच आहे, हेही तो नाकारत नाही. फ्लू यांच्या कथेत ‘आधी’ नाही. मिचेल यांच्या कथेत सारे काही त्या ‘आधी’वर उभे आहे. अर्थात मिचेल यांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे : तो अनोळखी माणूस खरोखर भेटला होता. वादाचा विषय नेमका हाच असल्याने ही कथाही आपल्या निष्कर्षाला आरंभातच जागा करून देते. फ्लू यांनी २००४ साली आपले मत बदलून जगाच्या मुळाशी एक बुद्धिमान कर्ता मानला, ही घटना चरित्रदृष्ट्या महत्त्वाची आहे. परंतु कथेचे मोल कथाकाराच्या मतांतराने वाढत नाही की घटत नाही.

पुराव्याच्या अभावाला वादात किती वजन द्यावे, याची काटेकोर चर्चा भारतीय प्रमाणशास्त्रात फार पूर्वीच झालेली आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते स्वतंत्र मानले नाही. तथापि एका अटीवर त्यांचे मतैक्य आहे. वस्तू असती तर ती अवश्य दिसली असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे तिचा अभाव सिद्ध करते. यालाच योग्यता म्हणतात. भुईवर घट दिसत नाही, म्हणून तो तेथे नाही. परंतु अंधारात दिसत नाही म्हणून तो नाही, असे म्हणता येत नाही. सातव्या शतकातील बौद्ध नैयायिक धर्मकीर्ती यांनी देश, काल आणि स्वभाव यांमुळे दूर असलेल्या वस्तू वेगळ्या काढल्या. त्यांच्या न दिसण्यातून केवळ संशय निष्पन्न होतो, असा त्यांचा निर्णय आहे.

म्हणूनच निरीश्वरवादी धर्मकीर्ती ‘ईश्वर दिसत नाही’ एवढ्यावर थांबत नाहीत. ते ईश्वरवाद्यांच्या दृष्टान्तावर प्रहार करतात. घटाला कुंभार असतो, तसा जगाला कर्ता असला पाहिजे, या अनुमानावर त्यांचा आक्षेप असा : घट मातीचा विकार आहे, वारूळही मातीचाच विकार आहे; मग वारूळही कुंभारानेच केले असे मानावे काय? ‘आकार’ हा एक शब्द दोन्हीकडे लागू पडतो, एवढ्याने कर्ता सिद्ध होत नाही. जे दार्ष्टान्तिक गृहीत धरले होते, ते येथे उघडे पाडले आहे.

उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’चा तिसरा स्तबक या चर्चेची दुसरी बाजू मांडतो. ईश्वर प्रत्यक्षास योग्यच नाही, तेव्हा त्याच्या अनुपलब्धीने तो बाधित होत नाही, हे उदयनांचे उत्तर. मग सशाचे शिंगही असेच वाचवता येईल, ही प्रतिबन्दी ते ओळखून आहेत. शिंग ही जात्याच दिसणारी वस्तू आहे. ते न दिसणे हाच त्याचा बाध, असे ते म्हणतात. बर्ट्रंड रसेल यांनी १९५२ साली सूर्याभोवती फिरणाऱ्या, दुर्बिणीतूनही न दिसणाऱ्या चहाच्या किटलीची कल्पना मांडली. तिची जागा या मांडणीत नेमकी ठरवता येते. किटली स्वभावाने दृश्य आहे. ती केवळ लहान आणि दूर आहे. ईश्वराचे दूरत्व, मानलेच तर, स्वभावाचे आहे. म्हणून साम्य अपुरे ठरते. परंतु रसेल यांचा मुद्दा त्यामुळे खोडला जात नाही. खंडन करता येत नाही, एवढ्यावरून विधान स्वीकारण्याजोगे ठरत नाही. संशय हा निश्चयाचा परवाना नव्हे. उदयनांनाही हे मान्य असल्याखेरीज त्यांनी पाचव्या स्तबकात ईश्वरसिद्धीसाठी स्वतंत्र हेतू मांडण्याचा खटाटोप केला नसता.

मराठी विचारविश्वात ही भेदरेषा केवळ शास्त्रीय राहिलेली नाही. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चमत्काराचा दावा करणाऱ्यांना आव्हान दिले. ईश्वर मानावा की न मानावा याविषयी मात्र संघटना म्हणून तटस्थता राखली. २०१३ साली, दाभोलकरांच्या हत्येनंतर झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही ईश्वरश्रद्धेला हात घातलेला नाही. ही तटस्थता पुष्कळांना डावपेच वाटली. प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने ती योग्यतेची अचूक जाण आहे : चमत्कार हा घडला तर दिसणारा प्रकार आहे, त्याचे न दिसणे त्याला बाधते.

या निकषावर दोन्ही पक्षांचे स्खलन स्पष्ट होते. श्रद्धावान नवस बोलताना ईश्वराकडून दृश्य फळाची अपेक्षा करतो आणि वादाचा प्रसंग आला की त्याला सर्व गुणांच्या पलीकडे नेऊन ठेवतो. व्यवहारात सगुण आणि वादात निर्गुण, ही सोय म्हणजेच फ्लू यांच्या कथेतील झीज होय. उलटपक्षी, एखाद्या बुवाचा चमत्कार उघडा पाडून ईश्वराचे खंडन झाले असे मानणारा विवेकवादी योग्य वस्तूच्या बाधाने अयोग्य वस्तू बाधित झाली, असे समजतो.

भक्तिकाव्याचा पुरावा म्हणून होणारा वापर हा तिसरा गोंधळ. संतांना अनुभव आला, सबब ईश्वर आहे, असे म्हणणारा अभंगाचे व्याकरणच ध्यानात घेत नाही. वाद ईश्वराविषयी तृतीय पुरुषात बोलतो. विठ्ठलाशी भांडणारा अभंग त्याच्याशी द्वितीय पुरुषात बोलतो. संबोधनात अस्तित्वाचे प्रतिपादन नसते, ते गृहीत असते. म्हणून संबोधन साक्ष होऊ शकत नाही. आणि साक्ष नसल्याने ते खोटेही ठरत नाही. तुकारामांच्या एका अभंगात देवाशी नाते तुटल्याचा उद्गार आहे. तेथे द्वितीय पुरुष गळून पडतो आणि देव तृतीय पुरुषात येतो. तरीही तो कोणासाठी असेल तर असो, असाच तेथील भाव आहे. तुटले आहे ते नाते; अस्तित्वाचा निवाडा तेथेही मागितलेला नाही.

यावरून अभंग वादातून वगळावा, एवढाच निष्कर्ष निघत नाही. अभंगाला पुराव्याच्या कठड्यात उभे करणारा श्रद्धावान त्याच्यातील नाते गमावतो आणि त्याला अंधश्रद्धेचा दस्तऐवज मानणारा त्याच्यातील काव्य गमावतो. जो दावा दिसण्याजोगा आहे, त्याला पुरावा मागणे हे विवेकाचे कर्तव्य आहे आणि त्यात सवलत नाही. जो दावा दिसण्याजोगा नाही असे सांगितले जाते, त्याच्याकडे एवढेच मागता येते, की त्याने नवसाच्या वेळीही तसेच राहावे.