उसनं कुणाचं, पीळ कुणाचा?

दलित कवितेवर एक जुना आरोप आहे. तिच्यात नवं काही नाही, सगळं अमेरिकेतल्या काळ्यांचं उसनं! पुरावा तयारच असतो : ब्लॅक पँथर १९६६ ची, दलित पँथर १९७२ ची. मागं एका बैठकीत एका प्राध्यापकानं हेच ऐकवलं. आपली पोरं गप्प बसली. मीही गप्पच होतो. आज बोलतो.

माधव जूलियन आपल्याच कोल्हापुरात राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी फारसीतली गझल मराठीत आणली. 'गज्जलांजली' १९३३ ची. केशवसुतांनी इंग्रजीतलं सॉनेट आणलं, त्याचं सुनीत झालं. त्यांना कुणी चोर म्हणू नये. पण त्यांनी आणला की 'प्रभाव' आणि आम्ही आणली की 'नक्कल', हा तराजू कुणाच्या दुकानातला?

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना उघड अर्पण केली. नातं लपवलं नाही. पण आत काय आहे? इथला शूद्र-अतिशूद्र, इथला भट, आणि इथल्याच अवतारकथा उलट्या वाचून दाखवलेल्या. हे अमेरिकेतून कसं येणार?

घटना इकडून-तिकडून उचललीय, असं लोक म्हणाले. तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटनासमितीत सरळ सांगितलं की उसनं घेण्यात लाज नाही, मूळ कल्पनांचं पेटंट कुणाच्या नावावर नसतं. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' बघा. म्हातारा, आजारी, प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडतो ही कथा त्यांनी नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा तंटा पुढं आणला. तंटा जुन्या बौद्ध ग्रंथांतलाच. पण १९२७ ला महाडच्या तळ्यासाठी लढलेल्या माणसालाच त्या पाण्याचं मोल दिसलं, असं मला वाटतं. नवेपणा तो तिथं आहे.

मी सूतगिरणीत आहे. तिथं एकाच गाठीतून सूत काढत नाहीत. गाठीगाठींचा कापूस मिसळतात, म्हणजे सूत एकसारखं येतं. पण नुसतं मिसळून सूत होत नाही. पीळ द्यावा लागतो. पीळ नसला तर हातात पेळू राहतो, ओढला की तुटला.

आता आपलं. प्राध्यापकाला उत्तर देणं सोपं आहे, स्वतःला देणं अवघड. आपल्या अंकाकडं येणाऱ्या कविता मी वाचतो. सूर्य, मशाल, ज्वालामुखी, हजारो वर्षांचा अंधार. पहिल्यांदा ज्यानं लिहिलं त्याचं काळीज जळत होतं. आपण आता तेच शब्द पत्त्यांसारखे पिसतो आणि बंड केलं म्हणतो. माझ्या पहिल्या वहीत सूर्य अकरा वेळा उगवला होता. रुई छातीत जाऊन रात्रभर खोकणारा माझ्या शेजारच्या मशीनवरचा माणूस मात्र एकदाही नव्हता. ही नक्कलच की! आणि काळ्यांची नव्हे, आपलीच आपण केलेली. आरोप करणाऱ्याला ती दिसली नाही, एवढंच.

दोस्तांनो, घ्या. जोतीबांकडून घ्या, बाबासाहेबांकडून घ्या, काळ्या भावांकडूनही घ्या. पण पुढच्या अंकाला कविता पाठवण्याआधी प्रत्येक ओळीला विचारा : ही माझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही लिहिता आली असती काय? आली असती तर खोडा.

मी अर्धी वही खोडलीय. त्या खोकणाऱ्या माणसावर लिहायला बसलोय. जमत नाही अजून.

जय भीम.