श्रद्धेची भूमिका आणि नटाचे मरण

एखाद्या नटाने संतपुरुषाची भूमिका उत्तम वठवली की आपण भाविक प्रेक्षक त्या नटातच संत शोधू लागतो. आणि पुढे त्याच्या खासगी जीवनाविषयी काही कानी आले की त्या भूमिकेवरही रुसून बसतो. या दोन्ही चुका आमच्या हातून घडलेल्या आहेत. स्कॉटिश अभिनेते इयन चार्ल्सन यांच्या कलेचा परामर्श घेताना आम्हांस प्रथम ही कबुली द्यावीशी वाटते.

चार्ल्सन यांचा जन्म ११ ऑगस्ट १९४९ रोजी एडिंबरा येथे झाला. वडील छपाईच्या व्यवसायात होते. घरची परिस्थिती बेताची होती. शिष्यवृत्तीच्या आधारे ते तेथील नामांकित रॉयल हायस्कूलमध्ये शिकले. बालपणी त्यांचा गळा गोड होता. एडिंबरा विद्यापीठात ते वास्तुकलेचे शिक्षण घेण्यास गेले, पण रंगभूमीने त्यांना आपल्याकडे ओढले. पुढे लंडनमध्ये नाट्यशिक्षण, ‘यंग विक’ या संस्थेत उमेदवारी आणि रॉयल शेक्सपिअर कंपनीत ‘द टेम्पेस्ट’ नाटकातील एरिअल, अशा पायऱ्या चढत ते नावारूपास आले. त्यांचा पिंड रंगभूमीचा होता, हे ध्यानी ठेवल्यास त्यांचे चित्रपटही अधिक उमगतात.

‘चॅरिअट्स ऑफ फायर’ (१९८१) हा ह्यू हडसन दिग्दर्शित चित्रपट आम्ही सेमिनरीत असताना व्हिडिओवर पाहिला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून एरिक लिडेल यांनी ती धावण्यास नकार दिला. पुढे चारशे मीटर शर्यत त्यांनी ४७.६ सेकंदांत जिंकली. मिशनरी होऊन ते चीनला गेले आणि १९४५ साली जपान्यांच्या नजरकैदेत तेथेच मरण पावले. चित्रपटात लिडेलला ही बातमी ऐन जहाजावर चढताना कळते; वास्तवात ती कित्येक महिने आधीच ठाऊक होती. नाट्य साधण्याच्या भरात पटकथेने एक मोठे सत्य गमावले आहे. श्रद्धेचा निर्णय बहुधा एका क्षणात होत नाही. तो महिनोन्‌महिने शांतपणे वाहावा लागतो.

चार्ल्सन यांनी ही उणीव आपल्या अभिनयाने पुष्कळशी भरून काढली आहे. युवराजांसमोर आणि उमरावांसमोर नकार देताना त्यांचा लिडेल आवाज चढवत नाही, हुतात्म्याचा आव आणत नाही. आपल्या नकाराने समोरच्यांना अवघडल्यासारखे होत आहे, याचेच त्याला वाईट वाटते. त्यांनी या भूमिकेसाठी बायबलचे वाचन केले होते. पावसात भिजणाऱ्या कष्टकरी जमावापुढे लिडेल श्रद्धेविषयी बोलतो, ते भाषण तर त्यांनी स्वतःच लिहिले. पॅरिसच्या चर्चमध्ये तो यशयाचा चाळिसावा अध्याय वाचतो, तो प्रसंग आम्हां प्रवचनकारांनी मुद्दाम पाहावा. वर्षानुवर्षे वाचनपीठावरून वाचन करणाऱ्या आमच्यासारख्यांचा सूर कळत-नकळत उपदेशाचा होतो. चार्ल्सन मात्र ते शब्द प्रथमच ऐकत असल्यासारखे वाचतात. आणि मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून ते धावतात तेव्हा श्रद्धा ही आधी आनंद आहे, बंधन नंतर, हे आपसूक कळते.

पुढल्याच वर्षी रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) चित्रपटात त्यांनी दीनबंधू सी. एफ. अँड्रूज यांची भूमिका केली. कस्तुरबांच्या भूमिकेतील रोहिणी हट्टंगडी आणि गोखल्यांच्या भूमिकेतील डॉ. श्रीराम लागू यांच्यामुळे मराठी प्रेक्षकाला हा चित्रपट घरचा वाटतो. अँड्रूजकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. दक्षिण आफ्रिकेच्या रस्त्यात टवाळखोर पोरे आडवी येतात, तेव्हा दुसरा गाल पुढे करण्याच्या शिकवणीचा अर्थ एक हिंदू बॅरिस्टर एका ख्रिस्ती धर्मगुरूला समजावतो. त्या वेळी चार्ल्सन यांच्या चेहऱ्यावरचा ओशाळलेला विस्मय पाहण्यासारखा आहे. भारतात आल्यावर हाच अँड्रूज रेल्वेच्या टपावर गरिबांत जाऊन बसतो. अखेर चंपारणच्या प्रसंगी गांधीजी त्याला दूर जाण्यास सांगतात, कारण हा लढा भारतीयांनी स्वतःच्या बळावर लढायचा आहे. चार्ल्सन येथे जवळजवळ काहीच करीत नाहीत. ऐकतात आणि स्वीकारतात. सेवा करणे एक वेळ सोपे असते; आपली गरज उरली नाही हे ओळखून बाजूला होणे अवघड असते. धर्मग्रामातून बदली होताना आम्हांस हा प्रसंग अनेकदा आठवला आहे.

१९८६ मध्ये त्यांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान झाले. तरीही त्यांनी काम थांबवले नाही. १९८९ च्या ऑक्टोबरात, डॅनिअल डे-लुइस यांनी सोडलेली हॅम्लेटची भूमिका त्यांनी लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये स्वीकारली. दिग्दर्शक होते रिचर्ड आयर. आजाराने चेहरा सुजलेला, शरीर थकलेले. तरी त्यांनी नोव्हेंबरपर्यंत तो प्रदीर्घ हॅम्लेट पेलला. त्या वर्षीचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार इयन मॅक्केलन यांना मिळाला, तेव्हा त्यांनी तो चार्ल्सन यांच्या हाती सोपवला. मृत्यूविषयी बोलणारा राजपुत्र मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या नटाने साकारावा, यात भडक करुणेला पुष्कळ वाव होता. पाहणाऱ्यांच्या आठवणीत मात्र राहिली ती त्यांची शांत स्पष्टता. ६ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपण एड्सने गेलो हे उघडपणे सांगावे, ही त्यांचीच इच्छा होती. ब्रिटनच्या नाट्यसृष्टीत असे प्रथमच घडत होते.

आता आमची कबुली. सहायक धर्मगुरू असताना हा लिडेलचा चित्रपट युवकांना दाखवण्याचे आम्ही ठरवले होते. चार्ल्सन समलिंगी होते आणि एड्सने गेले, हे त्याच सुमारास वाचनात आले. आम्ही काहीतरी सबब सांगितली आणि ती फीत कपाटातच राहिली. पुढे एका धर्मग्रामात एक तरुण त्याच आजाराने गेला. कुटुंबाने विनवले म्हणून मिस्सेच्या वेळी आम्ही मूत्रपिंडाच्या विकाराने निधन झाल्याचे जाहीर केले. कुटुंबाला दोष देता येत नाही. आपल्या समाजाची नजर त्यांना ठाऊक होती. पण त्या नजरेविषयी आम्ही वेदीवरून कधी अवाक्षरही काढले नव्हते. एका नटाला जे धैर्य झाले, ते आम्हां धर्मगुरूला झाले नाही.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील एचआयव्ही रुग्णांच्या केंद्राला चार्ल्सन यांचे नाव देण्यात आले. तिशीच्या आतील गुणी नटांसाठी १९९१ पासून त्यांच्या नावे पुरस्कार सुरू झाले. आमच्याकडून त्यांचे देणे फेडायचे राहिले होते. येत्या नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात आम्ही ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ दाखवणार आहोत. पडद्यावर चित्र उमटण्यापूर्वी लिडेलची भूमिका करणारा हा गृहस्थ कोण होता आणि कशाने गेला, हे युवकांना आम्ही स्वतः सांगणार आहोत.