खोजा : अधिकारपद आणि साहित्यप्रतिमा

दरबारी खोजा ही इस्लामी राजवटींचीच निर्मिती, हा समज आपल्याकडे रूढ आहे. तो पुराव्यावर टिकत नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त शयनगृहातून निघालेल्या राजाची सेवा करणाऱ्यांत कंचुक्यांबरोबर वर्षवरही आहेत. जस्टिनियनसाठी इटली जिंकणारा नार्सेस आणि पंधराव्या शतकारंभी कालिकतपर्यंत आरमार आणणारा मिंग सेनानी झेंग हे, हे दोघेही खोजेच. ज्याला संतती नाही त्याला गादीचा मोह नाही, हे या पदामागील गृहीत. मात्र हर्षाच्या 'रत्नावली'त वानर सुटताच वर्षवर निर्लज्जपणे पळतात. शास्त्राने ज्याच्यावर भरवसा ठेवला, त्याचे नाटकाने हसे केले.

बेंगळूरहून हळेबीडला, म्हणजेच होयसळांच्या द्वारसमुद्रास, गेलेल्या मराठी वाचकास मलिक काफूर आठवल्यावाचून राहत नाही. १२९९ च्या गुजरात स्वारीत खंबायतेस हाती लागलेला हा गुलाम पुढे अल्लाउद्दीन खिलजीचा सेनापती झाला. देवगिरीच्या रामदेवरायास त्याने नमविले आणि १३११ मध्ये तो द्वारसमुद्रावर चालून आला.

या एकाच पुरुषाची दोन चित्रे उपलब्ध आहेत. अमीर खुसरोने 'खजाइनुल फुतूह'मध्ये त्याच्या दक्षिणेतील स्वाऱ्या अलंकारांनी मढविल्या. झियाउद्दीन बरनीने १३५७ च्या सुमारास 'तारीख-इ-फिरोजशाही'त त्याची कठोर निर्भर्त्सना केली. खुसरो राजाश्रित होता, तेव्हा त्याची स्तुती तोलूनच घ्यावी लागते. पण बरनीचा संतापही तितकाच तोलावयास हवा. हीनकुलीनांस अधिकारपदे देऊ नयेत, हा त्याचा ठाम सिद्धान्त. काफूरच्या देहव्यंगाची निंदा हे मुख्यतः त्या कुलाभिमानाचेच एक रूप होय.

काफूरची क्रूरता नाकारण्याचे कारण नाही. १३१६ मध्ये अल्लाउद्दीनच्या मृत्यूनंतर त्याने खिज्रखानाचे डोळे काढविले, एका बालकास गादीवर बसवून सत्ता हाती घेतली आणि महिन्याभरातच तो मारला गेला. स्वतः गादीवर न बसताही सत्ता बळकावता येते, हे त्या जुन्या गृहीताने लक्षातच घेतले नव्हते. परंतु ही क्रूरता देहव्यंगातून उद्भवली असे मानणारा लेखक कारणमीमांसेऐवजी शिवी देतो. राजपुत्रांचे डोळे धडधाकट, कुलीन सुलतानांनीही काढविलेच होते. ऐतिहासिक कादंबरीकाराने काफूरचे पाप त्याच्याच पदरी घालावे, मात्र बरनीची दृष्टी उसनी घेऊ नये. पात्राचे मूल्यमापन त्याच्या कृतीवरून व्हावे. ज्या देहावर इतरांनी शस्त्र चालविले, त्या देहावरून नव्हे.