परदेशीपुऱ्यातील जुना कॅमेरा

जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याने शहरातील रस्त्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद अलीकडे आपल्या तरुणांत पुन्हा रुजू लागला आहे. आजोबांच्या कपाटातील रोलिफ्लेक्स किंवा अ‍ॅग्फा क्लिक झाडूनपुसून बाहेर काढावा, महागामोलाचे रीळ मिळवून त्यात भरावे आणि एखाद्या जुन्या वस्तीत हिंडावे, अशी ही रीत आहे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात अशा रीतीने काढलेली बरीच चित्रे आमच्या पाहण्यात आली. त्यांतील काही चांगली आहेत, पुष्कळशी फसलेली आहेत. आणि ती ज्या कारणाने फसली ते कारण देवळाच्या अंगणात वाढलेल्या आमच्या वाचकांस चटकन उमजेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

परदेशीपुरा हे नाव ऐकताच मराठी कान टवकारतो. आपल्या जुन्या बोलीत उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मनुष्यास 'परदेशी' म्हणत. होळकरांबरोबर माळव्यात आलेला मराठी माणूस स्वतः तिथे परकाच होता, हे तो किती लवकर विसरला पाहा! पुढे कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि शहराचा हा भाग कामगारांचा झाला. मालवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी ही नावे या भागातील माणसांच्या तोंडी घरच्या माणसांच्या नावांसारखी येतात. शेजारच्या वस्तीस आजही 'कुलकर्णी का भट्टा' म्हणतात. एका मराठी आडनावाला हिंदी प्रत्यय लागून झालेले हे नाव त्या शहराचा सगळा इतिहास सांगते.

इंदूरला डोळा नाही असे कोणी म्हणू नये. राजा दीनदयाळ १८६६ साली इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले, आणि तेथेच पुढे कॅमेऱ्याच्या नादास लागून तुकोजीराव दुसऱ्यांच्या आश्रयाने मोठे झाले. त्यांच्या काळची काच आणि रसायने अशी मंद होती की चालता माणूस चित्रात धुरासारखा पुसट होई. इमारत राही, गर्दी नाहीशी होई. म्हणून त्या युगातील बाजारांची चित्रे इतकी निर्मनुष्य दिसतात; बाजार ओस नव्हते, कॅमेरा संथ होता. नंतर १९२७ साली दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांनी इंदूरला चित्रशाळा काढली. इंदुरातच १९१० साली जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे त्यांच्याच हाताखाली शिकले. उघड्यावर बसून समोरचे ऊन रंगवायचे, ही तेथील शिकवण. तेव्हा रस्त्यावर उभे राहून प्रकाश पाहण्याची परंपरा या शहराला आहे. आजच्या छायाचित्रकाराने तिच्याशी आपले काम ताडून पाहावे, अशी अपेक्षा करणे अवास्तव नव्हे.

आता त्या चित्रांकडे वळू. पहिला दोष असा की ती सारी १९५५ सालची वाटतात. कृष्णधवल फिल्म, मोठाले कण, कडेचा अंधार, बंद गिरणीची भिंत, ओट्यावर बसलेला म्हातारा. पाहणाऱ्याला क्षणभर गहिवरून येते आणि मग लक्षात येते की हा म्हातारा आज जिवंत आहे, त्याच्या खिशात मोबाइल आहे आणि त्याची नात बहुधा संगणक शिकते आहे. चित्रकाराने त्याला सत्तर वर्षे मागे ढकलून दिले. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा निकाल लागून सुमारे २२४ कोटी रुपये मोकळे झाले ते २०२३ च्या डिसेंबरात, म्हणजे बत्तीस वर्षांनी. ही बत्तीस वर्षे त्या ओट्यावर बसून काढलेली आहेत. गिरणीचा भोंगा जणू काल वाजला असे दाखवणारे चित्र सुंदर असेल, परंतु ती बत्तीस वर्षे ते गिळून टाकते. आमच्या मते हा सौंदर्याचा प्रश्न नाही, खऱ्याखोट्याचा आहे.

येथे आंरी कार्तिए-ब्रेसाँचे नाव हटकून घेतले जाते. त्यांनी लायका वापरला, आम्हीही वापरतो, असे सांगण्यात येते. लायका १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला, आणि ब्रेसाँनी तो हाती घेतला तेव्हा तो नवाकोरा, चपळ, खिशात मावणारा असा अत्याधुनिक कॅमेरा होता. १९४८ च्या प्रारंभी दिल्लीस गांधीजींच्या अंत्ययात्रेच्या गर्दीत ते शिरू शकले ते त्या चपळाईच्या बळावर. दीनदयाळांनीही आपल्या काळातील उत्तम तेच साधन घेतले. जुनेपणा हे या दोघांपैकी कोणाचेही साधन नव्हते. रघुबीर सिंग यांनी तर फिल्मवरच, पण रंगीत फिल्मवर, हिंदुस्थानचे रस्ते चित्रित केले. आपल्याकडील रस्ता रंगावाचून अर्धाच दिसतो अशी त्यांची धारणा होती, आणि त्यांची चित्रे पाहिल्यावर ती खोडून काढणे कठीण आहे. परदेशीपुऱ्यातील हळदीच्या रंगाची भिंत, तिच्यावरचा शेंदूर फासलेला मारुती आणि खाली उभी हिरवी रिक्षा यांना करडे करण्यात काय मिळवले, हे आम्हांस कोणी समजावून सांगावे.

मात्र जुना कॅमेरा अगदीच निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. रोलिफ्लेक्ससारखा कॅमेरा पोटाशी धरतात. त्यात पाहावयाचे तर मान खाली घालावी लागते. समोरच्या माणसावर नेम धरल्यासारखे होत नाही. उलट पाहणारा किंचित लवलेला दिसतो. काचेवर डावे-उजवे उलटे उमटते, त्यामुळे घाई करणाऱ्याची फजिती होते. एका रिळात चौकोनी चित्रे बाराच. बाराव्यानंतर थांबून, सावली शोधून रीळ बदलावे लागते, तेवढ्यात गल्लीतला कोणीतरी विचारतोच, "कुठून आलात भैया?" मोबाइलने शंभर चित्रे टिपून निघून जाणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्या पाहण्यातील जी थोडी चित्रे चांगली होती, ती बहुधा या प्रश्नानंतर काढलेली असावीत; त्यांतील माणसे कॅमेऱ्याकडे ओळखीने पाहतात.

परदेशीपुऱ्याच्या छायाचित्रकाराची खरी परीक्षा अनंत चतुर्दशीच्या रात्री होते. गिरणी कामगारांच्या झांक्या, म्हणजे विजेच्या रोषणाईने सजवलेले फिरते देखावे, त्या रात्री जुन्या बाजारांतून निघतात आणि पहाटेपर्यंत चालतात. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हुकुमचंद मिलपासून ही प्रथा सुरू झाली. गिरण्या बंद पडल्या, पण झांक्या बंद पडल्या नाहीत. पगार थांबलेल्या माणसांनी वर्गणी गोळा करून देवापुढचा आपला देखावा चालू ठेवला, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. शब-ए-माळवा म्हणून जिची ख्याती, ती रात्र अशा वेळी खरोखर जागी असते.

आणि नेमकी येथेच चित्रे घसरतात. महायुद्धापूर्वीच्या भिंगांवर परावर्तन टाळणारा लेप नसे. त्यामुळे प्रत्येक दिव्याभोवती प्रकाशाचे एक कडे पसरते. आमच्या तरुण मित्रांना हे कडे अतिशय प्रिय आहे. परंतु आपल्याकडे या कड्याला नाव आहे, प्रभावळ. आणि ती कोणाच्या मागे उभी करावयाची याचे शास्त्र आहे. या चित्रांत गणपतीच्या मुकुटातील दिव्याला जी प्रभावळ तीच वडापावच्या गाडीवरील बल्बला आणि तीच पोलिसाच्या मोटारीच्या दिव्याला. सगळेच दिव्य झाले म्हणजे काहीच दिव्य उरत नाही. शिवाय झांकीवरचा प्रकाश इतका प्रखर की तिला बेतून चित्र घेतले तर तिच्या खाली चालणारी माणसे काळी पडतात. फिल्मला एका वेळी दोन्ही झेपत नाही. निवड करावीच लागते. आम्ही पाहिलेल्या चित्रांत जवळजवळ प्रत्येकाने देखावा निवडला. ज्याने तारा जोडल्या, जो रात्रभर जनरेटरजवळ बसून राहिला, तो अंधारात गेला.

मंगेशीला सोमवारी रात्री पालखी निघते तेव्हा तिच्या वाटेत कोणी उभे राहत नाही. बाजूला सरून हात जोडतात. पालखीतील देव आपल्याला पाहतो ही त्यामागची समजूत आहे. दर्शन हे देणे-घेणे आहे. एकतर्फी पाहण्याला आपण दर्शन म्हणत नाही. रस्त्यावरच्या छायाचित्राचे दुखणे हेच की ते बहुधा एकतर्फी असते, आणि जुन्या कॅमेऱ्याने ते अधिकच तसे होते. आज कोणाचे चित्र काढले की तो हात पुढे करून म्हणतो, "दिखाओ." मोबाइलवाला दाखवू शकतो. फिल्मवाल्याला दाखवता येत नाही. त्याच्या कॅमेऱ्यात त्या वेळी काहीच दिसण्याजोगे नसते, अंधारखोलीत रसायनातून निघाल्यावाचून ते दिसणारही नाही. म्हणजे तो त्या माणसाकडून काही उसने घेतो, आणि फेडण्याचा वायदा करून जातो. किती जण कागदावर उमटवलेली प्रत घेऊन त्या गल्लीत परत गेले, हे चित्र पाहूनच पुष्कळदा कळते; एकाच माणसाचे दुसऱ्या ऋतूतले दुसरे चित्र ज्यांच्या संग्रहात आहे, ते गेले. असे संग्रह फार थोडे आहेत.

ही चित्रे सध्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, थंड हवेच्या दालनात, पांढऱ्या भिंतीवर लावतात. त्यांपैकी निवडक वीसपंचवीस चित्रे मोठी करून, खाली माणसांची नावे त्यांच्या परवानगीने लिहून, परदेशीपुऱ्यातच गणपतीच्या मांडवात दहा दिवस लावावीत, असे आम्ही सुचवितो. मांडवाला कनात असते, दिवा असतो आणि रात्री उशिरापर्यंत माणसे येत-जात असतात. कोणते चित्र खोटे आहे ते तेथे पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी मोठ्याने सांगेल.